पडलेले स्वप्न आणि पाडलेले स्वप्न

सिल्वासाहून सायलीकडे येणाऱ्या रस्त्याला पुरती रात्र कधी होत नाही. दादरा-नगर हवेलीचा हा परिसर कृत्रिम धाग्याच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. तेथील यंत्रे तिन्ही पाळ्या चालतात, आणि रात्रपाळी करून आलेली माणसे ऊन चढल्यावर झोपावयास जातात. माझ्या घराशेजारच्या चाळीत असाच एक तरुण कामगार राहतो. दिवसाच्या उजेडात आणि वाहनांच्या गोंगाटात झोप लागत नाही, म्हणून तो मोबाइलवर पावसाचा आवाज लावून, उशाशी ठेवून निजतो. ही सोय फुकट आहे; मात्र पाऊण तास पाऊस पडला की मध्येच एक बाई येऊन अल्प व्याजाच्या कर्जाविषयी बोलू लागते, आणि तिचे बोलणे संपले की पाऊस पुन्हा सुरू होतो. एके दिवशी त्याला स्वप्न पडले की, गावाकडच्या घराच्या दारात एक अनोळखी बाई कर्जाचे कागद घेऊन उभी आहे आणि आई तिला आत बोलावीत आहे. हे त्याने मला हसत हसत सांगितले. ‘मग ते बंद का करीत नाहीस?’ असे विचारता तो म्हणाला, ‘वकीलसाहेब, महिन्याचे पैसे भरले की बाई येत नाही. फुकटात चांगली झोप कोण देतो?’

त्याचे उत्तर व्यवहाराला धरून होते, आणि म्हणूनच ते माझ्या मनात रुतून बसले. ज्या हाताने झोपेत जाहिरात सोडावयाची, त्याच हाताने जाहिरातविरहित झोप विकावयाची, हा व्यापार आता उघड चालू आहे. पाव शतकातील तीन परदेशी दृश्यकृतींनी ह्याच व्यापाराचा विषय हाताळला आहे. त्यांनी तो कितपत ओळखला आणि कोठे त्यांची दृष्टी अपुरी पडली, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी आपल्या भाषेची साक्ष काढू. मराठीत माणूस स्वप्न करीत नाही की घेत नाही. त्याला स्वप्न ‘पडते’. कोंकणी माणूसही ‘म्हाका सपन पडलें’ असेच म्हणतो. हिंदी भाषक सपना ‘देखतो’. आपणही ‘स्वप्न पाहतो’, पण ते जागेपणी, भविष्याविषयी, आकांक्षेच्या अर्थाने. रात्रीचे स्वप्न मात्र पावसासारखे पडते. वाक्यात कर्तेपण स्वप्नाकडे आहे. आपण चतुर्थीत उभे आहोत, ज्याच्यावर ते पडते तो. ह्या क्रियापदाचे प्रयोजक रूप ‘पाडणे’ आपण पावसाला लावू लागलो आहोत. ढगांत रसायने फवारून पाऊस पाडण्याचे प्रयोग महाराष्ट्राने २००३ साली पाहिले. ‘स्वप्न पाडणे’ हा प्रयोग मात्र अद्याप कानाला खटकतो. कानाचे हे खटकणे किती दिवस टिकणार, हाच खरा प्रश्न आहे.

तीन कृतींपैकी पहिली म्हणजे मॅट ग्रोनिंग ह्यांच्या ‘फ्युचरामा’ ह्या व्यंगचित्रमालिकेचा एप्रिल १९९९ मधील एक भाग. विसाव्या शतकाच्या अखेरीस गोठलेला आणि हजार वर्षांनी जागा झालेला फ्राय नावाचा एक सामान्य तरुण स्वप्नात चड्डीची जाहिरात पाहतो. सकाळी तो संतापतो. पण भोवतालच्या मंडळींना त्यात काहीच वावगे दिसत नाही. त्याच्या काळी जाहिरातींना कोणती जागा वर्ज्य होती काय, असा त्यांचा प्रश्न असतो. तो आपल्या युगातील जाहिरातींच्या जागा मोजू लागतो, आणि यादी संपता संपत नाही. त्यानंतर सर्वजण खरेदीला निघतात. हा विनोद वाटतो त्याहून खोल आहे. ज्याने आपल्या जागेपणाचा प्रत्येक कोपरा भाड्याने दिला, त्याला झोपेच्या उंबरठ्यावर उभे राहून ‘येथून पुढे नाही’ असे कोणत्या तोंडाने म्हणता येईल, असा तो पेच आहे. मात्र लेखकाने हा पेच सोडविण्याऐवजी त्यावर हसून पुढची वाट धरली. व्यंगचित्राला तेवढे क्षम्य आहे.

पुढे बावीस वर्षांनी तो विनोद खरा करण्याचा प्रयत्न झाला. २०२१ च्या फेब्रुवारीत अमेरिकन फुटबॉलच्या ‘सुपर बोल’ ह्या अंतिम सामन्यापूर्वी मोल्सन कूर्स ह्या मद्यकंपनीने लोकांना आवाहन केले की, निजण्यापूर्वी डोंगर, धबधबे आणि आमच्या बिअरचे डबे असलेली दीड मिनिटाची चित्रफीत पुनःपुन्हा पाहा, मग आठ तासांचा ध्वनिपट लावून झोपा. म्हणजे आमच्या बिअरचे स्वप्न पडेल. सहभागी होणाऱ्यांसाठी बिअरच्या किमतीत सवलत होती. त्याच वर्षीच्या जूनमध्ये रॉबर्ट स्टिकगोल्ड, अँटोनिओ झाड्रा आणि अ‍ॅडम हार ह्या संशोधकांनी एक खुले पत्र लिहिले आणि सुमारे चाळीस निद्रा व स्वप्न-अभ्यासकांनी त्याला पाठिंबा दिला. स्वप्न हे विपणनाचे क्रीडांगण होऊ देता कामा नये, त्यासाठी वेळीच कायदा हवा, असे त्यांचे म्हणणे होते.

येथे वकिलाने घाई करू नये. १९५७ साली अमेरिकेत जेम्स व्हिकरी नावाच्या गृहस्थाने जाहीर केले होते की, चित्रपटाच्या पडद्यावर निमिषमात्र अक्षरे झळकवून आपण प्रेक्षकांकडून अधिक शीतपेय व लाह्या खरीदविल्या. जगभर खळबळ उडाली; आणि १९६२ साली त्यानेच कबूल केले की, त्या प्रयोगात काही तथ्य नव्हते. तेव्हा ‘झोपेत आपले मन चोरले जाते’ असा आक्रोश पुराव्याविना करणे बरे नव्हे. परंतु ह्या वेळी पुरावा अगदीच पोकळ नाही. स्टिकगोल्ड ह्यांनीच २००० साली दाखविले होते की, दिवसा ‘टेट्रिस’ हा ठोकळ्यांचा खेळ खेळलेल्यांना झोप लागताना ते ठोकळे दिसतात. इतकेच नव्हे, तर खेळ खेळल्याचे स्मरणही ज्यांना उरत नाही अशा स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांनाही ते दिसतात. २०१४ साली इस्रायलमधील संशोधकांनी निजलेल्या धूम्रपानी माणसांना सिगारेटच्या वासाबरोबर कुजक्या वस्तूंचा दुर्गंध दिला; सकाळी त्यांना त्याची आठवण नव्हती, तरी पुढील काही दिवस त्यांचे धूम्रपान घटले. व्यसन सोडविणारा हा मार्ग आहे. व्यसन लावणाऱ्याला तो ठाऊक नसेल असे मानणे भाबडेपणाचे होईल.

दुसरी कृती म्हणजे क्रिस्टोफर बोर्गली ह्यांचा २०२३ चा ‘ड्रीम सिनारिओ’ हा चित्रपट. निकोलस केजने रंगविलेला पॉल हा एक नगण्य प्राध्यापक अकारण अनोळखी लोकांच्या स्वप्नांत दिसू लागतो. आरंभी तो तेथे नुसता उभा असतो आणि जागेपणी प्रसिद्धी पावतो. पुढे स्वप्नांतला पॉल हिंसक होतो आणि खऱ्या पॉलला समाज वाळीत टाकतो. शेवटी एक कंपनी दुसऱ्याच्या स्वप्नात शिरण्याचे उपकरण काढते आणि विक्रेते त्याचा लाभ उठवितात. जाहिरातीचा हा भाग चित्रपटात ओझरता येतो. तो वरवरचा उपहास आहे, आणि कथेच्या शेपटाला बांधल्यासारखा वाटतो. परंतु त्यानंतरचे अखेरचे दृश्य ह्या चित्रपटाचे सार आहे. दुरावलेल्या पत्नीच्या स्वप्नात पॉल त्याच उपकरणाने जातो, तिने एकदा बोलून दाखविलेल्या इच्छेप्रमाणे वेष करून. दृश्य करुण आहे, आणि दिग्दर्शकाची सहानुभूती पूर्णतः पॉलच्या बाजूची आहे. मला मात्र ह्या ठिकाणी त्या पत्नीचा वकील होण्याची इच्छा झाली. तिला कोणी विचारले होते काय? विक्रेता तिच्या स्वप्नात शिरला असता तर आपण त्याला अतिक्रमण म्हटले असते. पती शिरला, म्हणून ते प्रेम ठरले. विनापरवाना प्रवेश हाच जर दोष असेल, तर आगंतुकाच्या हेतूवरून तो धुऊन निघत नाही. चित्रपटाने हा प्रश्न दारापर्यंत आणला आणि भावविवशतेपोटी तेथेच सोडून दिला.

तिसरी कृती ‘ब्लॅक मिरर’ ह्या मालिकेतील एप्रिल २०२५ चा ‘कॉमन पीपल’ हा भाग, आणि तिन्हींत हीच मला श्रेष्ठ वाटते. अमांडा शिक्षिका आहे, तिचा नवरा माइक वेल्डर आहे. तिच्या मेंदूत गाठ निघते. एक कंपनी शस्त्रक्रिया विनामूल्य करून देते, आणि मेंदूचा गमावलेला भाग आपल्या दूरस्थ यंत्रावरून चालविते. त्यासाठी महिना तीनशे डॉलर हप्ता. काही काळाने कंपनी वरची श्रेणी काढते, आणि जुन्या श्रेणीतली अमांडा बोलता बोलता, स्वतःच्या नकळत, जाहिराती उच्चारू लागते. वर्गात मुलांसमोर, घरात नवऱ्यासमोर. तिची झोप लांबत जाते आणि तरीही ती थकूनच उठते, कारण ती निजलेली असताना कंपनी तिचा मेंदू आपल्या इतर कामासाठी वापरीत असते. खरी विश्रांती हवी असेल तर आणखी वरची श्रेणी घ्यावी.

ह्या कथेचे सामर्थ्य तिच्या अद्‌भुतात नाही. हप्त्याच्या हिशेबात आहे. कोठेही खलपुरुष नाही, बळजबरी नाही. प्रत्येक पायरीवर सही आहे. कोकणातून मुंबईला गेलेल्या गिरणी-कामगाराला पठाणाचे व्याज ज्यांनी भरताना पाहिले, त्यांना ही कथा परदेशी वाटणार नाही. आरंभीची दया हीच येथे तारण आहे, आणि गहाण पडली आहे ती झोप. प्रथम झोप बिघडविणे आणि मग सुधारलेली झोप विकणे, हा माझ्या शेजाऱ्याच्या उशाशी घडणारा व्यापार येथे त्याच्या अखेरच्या टोकाला नेऊन दाखविला आहे. माझा आक्षेप इतकाच की, लेखकाने अमांडाचे स्वप्न आपल्याला एकदाही दाखविलेले नाही. तिची वाणी गेली, विश्रांती गेली, हे आपण पाहतो. पण त्या लांबलेल्या झोपेत तिला काय पडत होते, हे कोणी विचारीत नाही. शेवटी नवऱ्याला आणि प्रेक्षकाला हवीशी वाटते ती केवळ निर्वेध शांती. म्हणजे कंपनीने उभे केलेले दोनच पर्याय, जाहिरातीने भरलेली झोप किंवा विकत घेतलेली परिपूर्ण झोप, ही कथाही मूकपणे स्वीकारते.

हे दोनच पर्याय आहेत काय? आपल्या परंपरेत ह्याचे उत्तर फार पूर्वी शोधले गेले आहे. छांदोग्य उपनिषदात इंद्र प्रजापतीकडे आत्मज्ञानासाठी जातो. प्रजापती प्रथम देहाकडे बोट दाखवितो, मग स्वप्नात हिंडणाऱ्या पुरुषाकडे, आणि तिसऱ्या वेळी स्वप्नही न पाहणाऱ्या गाढ निद्रिताकडे. इंद्र परत निघतो. पण वाटेतच त्याला शंका येते. जो स्वतःलाही ओळखत नाही, जो जणू नाहीसाच झाला आहे, त्या अवस्थेत मला भोग्य असे काही दिसत नाही, असे म्हणून तो माघारी वळतो. परिपूर्ण झोप त्याला देऊ केली गेली होती. त्याने ती अंतिम मानण्यास नकार दिला. आधुनिक विज्ञानही त्याच्या बाजूचे दिसते. १९५३ साली शिकागोच्या अ‍ॅसेरिन्स्की आणि क्लाइटमन ह्यांनी निद्रेतील जलद नेत्रचलनाची अवस्था नोंदविली. प्रौढ माणसाच्या रात्रीचा पाचवा ते चौथा हिस्सा तिने व्यापलेला असतो आणि स्पष्ट स्वप्ने बहुधा तिच्यातच पडतात. १९६० साली विल्यम डिमेंट ह्यांनी माणसांना त्या अवस्थेतून वारंवार जागे केले, तेव्हा पुढच्या रात्री त्यांनी ती तूट भरून काढण्याकडे कल दाखविला. शरीर स्वप्नाचे देणे बुडवू देत नाही.

उलट, परिपूर्ण झोपेचा हव्यास स्वतःच झोप उडवितो. मनगटावरच्या यंत्राने दिलेले निद्रेचे गुण वाढावेत ह्या चिंतेने जागणाऱ्या रुग्णांचे वर्णन २०१७ साली अमेरिकन वैद्यकाने केले आणि त्या विकाराला स्वतंत्र नावही दिले. २०२५ च्या ऑक्टोबरात अ‍ॅमेझॉनच्या दूरस्थ संगणकसेवेत बिघाड होताच ‘एट स्लीप’ ह्या कंपनीच्या हजारोंच्या किमतीच्या शय्या कोठे तापल्या, तर कोठे उठविलेल्या स्थितीतच अडकून राहिल्या. आपली घोंगडी निदान दुसऱ्याच्या यंत्राच्या परवानगीने ऊब देत नाही.

येथे एक विवेकी वाचक मला अडवील. स्वप्नात बाहेरचा माणूस येणे हेच जर अतिक्रमण असेल, तर तुकोबांचे काय? नामदेवांनी पांडुरंगासह स्वप्नात येऊन त्यांना कवित्वाची आज्ञा केली. बाबाजींनी स्वप्नातच मंत्र दिला. बहिणाबाईंना तुकोबांचा उपदेश स्वप्नातच झाला. महाराष्ट्राची निम्मी भक्तिपरंपरा स्वप्नाच्या दारानेच आत आली आहे. आक्षेप बिनतोड दिसतो. पण तुकोबांनी त्या उपदेशाच्या प्रसंगी सांगितलेला एक बारीक तपशील पाहा. गुरूने जेवणासाठी थोडे तूप मागितले होते, आणि ते द्यावयाचे शिष्याच्या ध्यानातून निसटले. मंत्र राहिला, मागणी विसरली गेली. ह्या विसरण्यावर गुरू रागावून गेला असेल काय, ही रुखरुख तुकोबांना लागली. परंतु स्वप्नाचा धर्म त्यातच प्रकट झाला आहे. स्वप्न आपल्या निवडीने ठेवते आणि आपल्या निवडीने टाकून देते. विक्रेत्याला नेमके हेच सहन होत नाही. त्याला मंत्र द्यावयाचा नाही; त्याला तुपाची आठवण सकाळपर्यंत टिकवावयाची आहे. गुरू आणि विक्रेता ह्यांतील भेद पावित्र्याचा आहे असे मी म्हणत नाही. तो विसरण्याच्या स्वातंत्र्याचा आहे.

आता थोडे कायद्याविषयी. आपल्या न्यायालयांनी झोपेला मूलभूत हक्काचे स्थान दिले आहे. २०११ च्या जूनमध्ये दिल्लीच्या रामलीला मैदानात निजलेल्या जमावावर मध्यरात्री पोलिसी कारवाई झाली. त्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली निद्रेचा समावेश संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्कात केला. एका ज्येष्ठ नागरिकाचा जबाब सक्तवसुली संचालनालयाने रात्रभर नोंदविला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये अटक बेकायदा ठरविली नाही, तथापि झोप ही माणसाची प्राथमिक गरज असल्याचे बजावून त्या प्रकारावर ताशेरे ओढले. हेच न्यायालय आमच्या ह्या प्रदेशाचेही उच्च न्यायालय आहे, म्हणून त्याचे मला विशेष. दुसऱ्या पारड्यात १९९५ चा टाटा प्रेस निवाडा आहे. त्याने व्यापारी जाहिरातीलाही भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण दिले. परंतु ध्वनिप्रदूषणाच्या २००५ च्या निवाड्यात त्याच सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, बोलण्याच्या हक्कात न ऐकू इच्छिणाऱ्याला ऐकविण्याचा हक्क येत नाही. निजलेला माणूस तर ऐकावयाचे की नाही हे ठरवूच शकत नाही.

ह्यावर उत्तर तयार आहे: त्याने जागेपणी संमती दिली होती. शस्त्रक्रियेसाठी भूल घेणारा रुग्णही तशीच देतो. पण त्या दोन संमती एका जातीच्या नाहीत. शल्यविशारद माझे शरीर बरे करतो, आणि जागा झाल्यावर त्याने केलेल्या कामाचा न्याय करणारे माझे मन पूर्वीचेच असते. स्वप्नात जाहिरात पाडणाऱ्याचा रोख त्या न्याय करणाऱ्या मनावरच असतो. १८७२ च्या करार कायद्याचे बारावे कलम अशी अपेक्षा करते की, करार करणाऱ्याने तो समजून घेऊन आपल्या हितावरील परिणामाचा सारासार विचार करण्यास समर्थ असावे. सकाळी उठल्यावर एखादी वस्तू मला हवी आहे की मला हवीशी करण्यात आली आहे, हे सांगता येणे ज्या करारामुळे अशक्य होते, त्याला मुक्त संमतीचा करार म्हणणे कठीण आहे. लोककथेतल्या हरिश्चंद्राने स्वप्नात दिलेले राज्य जागेपणी सोडले, हे खरे. परंतु ती कथा आपण सांगतो ती हरिश्चंद्राच्या लोकोत्तर सत्यनिष्ठेसाठी. सामान्य माणसाला स्वप्नातले शब्द बांधतात, असा नियम त्यातून कोणी काढला नाही.

ह्या विषयावर मराठीत किंवा कोंकणीत कथा लिहिली जावी, असे मला मनापासून वाटते. आणि ती चकाकत्या भविष्यनगरीची नसावी. ती रात्रपाळीची असावी, उशाशी ठेवलेल्या मोबाइलची असावी, तिच्यात हप्ता असावा. आणि अमांडाच्या कथेत जे राहून गेले ते, म्हणजे निजलेल्या माणसाचे स्वतःचे स्वप्न, तिने दाखवावे.

माझ्या शेजाऱ्याने अखेर पैसे भरले नाहीत. मोबाइल पत्र्याच्या पेटीत ठेवून, जुन्या पंख्याच्या खडखडाटात तो आता निजतो. झोप पूर्वीपेक्षा कमी लागते, अशी त्याची तक्रार आहे. परवा फाटकापाशी भेटला तेव्हा म्हणाला, ‘काल काहीतरी पडले होते, साहेब. नदी होती, आजा होता. बाकीचे विसरलो.’ आणि सायकलवर टांग टाकून तो पाळीला गेला.